'द फ्रेंच डिस्पॅच' : पत्रकारितेवरचं प्रेम की नुसती आरास?

तिरकस रेघ
वेस अँडरसनचा 'द फ्रेंच डिस्पॅच' (२०२१) अखेर पाहिला आणि डोकं भणभणतंय. वाईट आहे म्हणून नव्हे. एकेक फ्रेम कापून भिंतीवर लावावी अशी आहे. पण संपल्यावर हाती काय लागलं म्हणाल, तर फ्रेमाच.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. (पुढे रहस्यभेद आहे, नंतर शिव्या घालू नका.) अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एक वर्तमानपत्र आहे, त्याची पुरवणी निघते फ्रान्समधल्या एका काल्पनिक गावातून. मालकाचा मुलगा आर्थर हाविट्झर याने कॉलेजात असताना बापाला गुंडाळून १९२५ साली हे खूळ सुरू केलं. १९७५ मध्ये तो जातो. मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलेलं असतं की माझ्यामागे एक निरोपाचा अंक काढा आणि दुकान बंद करा. सिनेमा म्हणजे तो अंक. सुरुवातीला शहराचा फेरफटका, मग तीन लांबलचक लेख आणि शेवटी मृत्युलेख.

याला पत्रकारितेचं गुणगान म्हणतात असं बरंच वाचलं होतं. मला त्यात पत्रकारिता सापडली नाही. कोणी बातमीमागे धावत नाही, कोणाला अडचणीचे प्रश्न विचारत नाही. सगळे सुंदर कपडे घालून सुंदर वाक्यं म्हणतात. माझं काही चुकतंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खट्याळ पोपट
पहिला!
सिनेमा अर्धाच पाहिलाय. सबटायटल वाचू की चित्र बघू, हा प्रश्न सुटला की उरलेला बघेन.

निमा
पोपटा, सबटायटल नसलेला भागही तितकाच वेगात जातो. माणसं इंग्रजी बोलत असली तरी दमछाक होते.

तिरकस रेघ, तुमच्याशी अर्धी सहमत. तुरुंगातल्या चित्रकाराचा भाग मला फार आवडला. खुनासाठी आत गेलेला रोझेंथेलर आणि त्याची मॉडेल म्हणजे तिथलीच पहारेकरीण सिमोन. ती त्याच्यासमोर विवस्त्र उभी असते आणि काम संपल्यावर गणवेश चढवून त्याला पुन्हा कोठडीत नेते, तेव्हा सगळा कारभार तिच्याच हातात आहे हे एका झटक्यात कळतं. शिवाय चित्रांचा दलाल वर्षानुवर्षं वाट बघून येतो आणि पाहतो तर चित्रं थेट तुरुंगाच्या काँक्रीटच्या भिंतीवर काढलेली! आता विकणार कशी? मी जोरात हसले.

अवांतर: ती चित्रं सँड्रो कॉप या चित्रकाराने सिनेमासाठी खरोखर रंगवली आहेत.

अटलांटिकपार
तिरकस रेघ, मला वाटतं तुम्ही चुकीचा पेशा शोधताय. हा सिनेमा बातमीदारांचा नाहीच, मासिकात लिहिणाऱ्यांचा आहे. बातमी उद्या शिळी होते. मासिकवाला महिनोन्महिने एकाच विषयात मुरतो आणि दहा हजार शब्द घेऊन परत येतो.

सगळा साचा 'द न्यू यॉर्कर'चा आहे. ते निघालं १९२५ साली, सिनेमातली पुरवणीही १९२५ सालची. हाविट्झरमागे त्याचा संस्थापक संपादक हॅरॉल्ड रॉस आहे. रॉस कोलोरॅडोतल्या खाणगावचा, शाळा अर्धवट सोडलेला. पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये सैनिकांचं वर्तमानपत्र चालवत होता. असा माणूस न्यू यॉर्कमधलं सगळ्यात नखरेल साप्ताहिक काढतो आणि १९५१ मध्ये मरेपर्यंत चालवतो.

पात्रंही तशीच बेतलेली. तो चित्रांचा दलाल म्हणजे लॉर्ड डुव्हीन. युरोपातली जुनी चित्रं अमेरिकन धनाढ्यांच्या गळ्यात मारणारा हा गृहस्थ. त्याच्यावर एस. एन. बेहरमन यांनी १९५१ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये मालिका लिहिली होती. विद्यार्थ्यांच्या बंडाचा भाग मॅव्हिस गॅलंट यांच्या मे १९६८ च्या पॅरिस-रोजनिशीवरून उचललाय. शेवटच्या भागातला रोबक राइट हा निम्मा जेम्स बाल्डविन, निम्मा ए. जे. लीबलिंग. म्हणजे अमेरिका सोडून फ्रान्सला गेलेला कृष्णवर्णीय, समलिंगी लेखक आणि जेवणावर जीव ओवाळून टाकणारा खवय्या, दोघे एकाच कोटात.

तिरकस रेघ
@अटलांटिकपार, माहितीबद्दल आभार. पण हे सगळं ठाऊक असेल तरच सिनेमा आवडणार असेल तर तो सिनेमा झाला की प्रवेशपरीक्षा?

खट्याळ पोपट
टाळ्या! (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

मुद्रितशोधक
परीक्षा नाही. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मुलीने लावून दिला म्हणून पाहिला. आयुष्य एका साप्ताहिकाच्या डेस्कवर गेलं, नाव विचारू नका. त्यामुळे मी एका भलत्याच जागी अडकलो.

सुरुवातीला एक प्रसंग आहे, डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो. मॅटर जास्त झालंय, सगळं बसत नाही, एखादा लेख काढावा लागणार असा पेच. हाविट्झर सांगतो की शीर्षकपट्टी लहान करा, जाहिराती कमी करा, कागद जास्त घ्या. लेख एकही मरणार नाही.

माझ्यासाठी सिनेमा तिथेच वसूल झाला. छपाईचा हिशेब ज्याने केलाय त्याला हे वाक्य परीकथेसारखं वाटेल. आमचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायचा गठ्ठा, सोळा पानांचा. मजकूर सतराव्या पानावर गेला की उरलेली पंधरा कशाने भरणार? म्हणून कापायचं. आणि कापायचं ते खालून, कारण वरून कापलं तर मथळा बदलावा लागतो, चित्राची ओळ बदलावी लागते. लेखकाने जीव ओतून लिहिलेला शेवट आमच्या टेबलाखाली पडायचा. पान सोडायच्या वेळेला अर्ध्या पानाची जाहिरात आली की जाहिरात विभागाचा माणूस दारात उभा राहायचा, आणि कोणाचं पोट कापायचं ते डेस्कवाल्याने ठरवायचं. दुसऱ्या दिवशी लेखकाचा फोनही त्यानेच घ्यायचा.

तुम्ही म्हणता यात पत्रकारिता दिसली नाही. मला तर पहिल्या दहा मिनिटांत जाहिरात कापून लेख वाचवणारा मालक दिसला. असा मी प्रत्यक्षात पाहिलेला नाही.

सोनचाफा
काका, काय लिहिलंत! "पोट कापायचं" वाचून माझेच काही लेख डोळ्यांपुढे आले.

कोल्हापुरी रस्सा
मुद्रितशोधक काका, बाप मालक असेल तर जाहिरात कापायला काय जातंय? हाविट्झरच्या मागे कॅन्ससचं अख्खं वर्तमानपत्र आहे. पैसा तिकडचा, नखरे इकडचे. आपल्याकडच्या संपादकांना असा बाप मिळाला असता तर कितीतरी मासिकं आज चालू असती.

मुद्रितशोधक
रस्सा, हे मात्र शंभर टक्के खरं. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं तेव्हा त्यांच्याकडे लेखक नव्हते असं थोडंच होतं?

चळवळ्या
विषय निघालाच आहे तर मधल्या भागाबद्दल कोणीच का बोलत नाही? सिनेमातला सगळ्यात चीड आणणारा भाग आहे तो.

मे १९६८ मध्ये फ्रान्समध्ये काय झालं होतं? विद्यार्थ्यांपाठोपाठ लाखो कामगार संपावर गेले, कारखाने बंद पडले, सरकार डळमळलं. यात काय दाखवलंय? कॅफेत बुद्धिबळ खेळणारी गोंडस पोरं. मागणी काय, तर मुलींच्या वसतिगृहात प्रवेश द्या. नायक केस विस्कटून बाथटबमध्ये जाहीरनामा लिहितो. कामगार कुठे गेले? क्रांतीची पार बाहुली करून टाकलीय.

अटलांटिकपार
चळवळ्या, वसतिगृहाची मागणी हा विनोद नाही, इतिहास आहे. पॅरिसजवळच्या नांतेर विद्यापीठात मुलांना मुलींच्या वसतिगृहात बंदी होती आणि त्यावरून १९६७ मध्येच राडा झाला होता. पुढच्या आगीची एक ठिणगी तीच.

चळवळ्या
ठिणगी दाखवायची आणि आग दाखवायची नाही, याला काय म्हणायचं?

निमा
चळवळ्या, तो भाग क्रांतीचा नाहीये, लुसिंडा क्रेमेंझचा आहे. ती वार्ताहर म्हणून जाते, पत्रकाराने तटस्थ राहावं असं मानते आणि पोराच्या जाहीरनाम्याचं मुद्रितशोधन करायला घेते. तिथे न थांबता पुरवणीही जोडते. बातमी लिहायला गेलेली बाई बातमीत शिरते. चळवळीतली ज्युलिएट तिच्या तोंडावर सांगते की तुमचं इथे काय काम? तिरकस रेघ यांचा प्रश्न होता ना की अडचणीचे प्रश्न कुठे आहेत. तो इथे विचारलाय, आणि पत्रकारालाच विचारलाय.

चळवळ्या
मान्य. पण हा मुद्दा मांडायला क्रांती नेपथ्य म्हणून वापरली, ही माझी तक्रार कायम. आपल्याकडे लघुनियतकालिकवाल्या पोरांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला होता. त्या पोरांना बुद्धिबळाच्या पटावर बसवून कोणी गोड सिनेमा काढला तर चालेल का?

खट्याळ पोपट
राजा ढाल्यांच्या भूमिकेत तो बाथटबवाला नट शॅलमे? मी तिकीट काढेन.

चळवळ्या
पोपटा, सुधर.

वाटसरू
इथे कोणी गावाबद्दल काही लिहिलं नाही म्हणून. चित्रीकरण आंगुलेम या नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गावात झालं. टेकडीवर वसलेलं आहे, खाली शारांत नदी, जिन्यांच्या गल्ल्याच गल्ल्या. चित्रकथांचा मोठा महोत्सव तिथे वर्षानुवर्षं भरत आलाय आणि भिंतीभिंतींवर चित्रकथांची पात्रं रंगवलेली आहेत. शेवटच्या भागात पाठलाग अचानक कार्टून होतो ना, तो त्या गावाला केलेला रामराम आहे असं मला वाटतं. आणखी एक, हे गाव पूर्वी कागदाच्या गिरण्यांसाठी नावाजलेलं होतं. मासिकावरच्या सिनेमाला याहून चांगली जागा कुठली मिळणार!

कोल्हापुरी रस्सा
वाटसरू, छान माहिती. सुरुवातीला वेटर ताटात पेयं मांडून त्या वेड्यावाकड्या इमारतीत वर चढतो, एकदा या खिडकीत दिसतो, एकदा त्या, ते भारी आहे. मला 'आवाज'च्या दिवाळी अंकातल्या खिडक्या आठवल्या. फरक इतकाच की तिथे उघडल्यावर भलतंच काही निघायचं.

निमा
रस्सा :D तो जिना फ्रेंच दिग्दर्शक जाक ताती यांच्या १९५८ च्या 'माँ आँक्ल'वरून आहे, 'आवाज'वरून नाही. पण तुमची आवृत्ती जास्त आवडली.

ऋतुगंधा
मला कोणी सांगेल का की रंग मध्येच येतात आणि मध्येच जातात, त्याला काही नियम आहे का? नवऱ्याने टीव्ही बिघडला म्हणून सेटिंग बदललं.

सोनचाफा
ऋतुगंधा, वहिनी, भावजींना सांगा टीव्ही ठीक आहे. :)

पक्का नियम असा नाही, पण बहुतेक वेळा कोणाला काही मनापासून भिडलं की रंग येतो. पोलीस आयुक्तांच्या जेवणाचा पहिला घास. कोंडून ठेवलेला लहान मुलगा दारापलीकडच्या बाईला विचारतो की तुझे डोळे निळे आहेत का, आणि क्षणभर पडदाभर निळे डोळे.

आणि आता मी ज्याच्यासाठी थांबले होते ते. हा शेवटचा भाग म्हणजे अख्ख्या सिनेमाचं उत्तर आहे, असं माझं ठाम मत.

रोबक राइटला पोलीस खात्यातल्या नेस्काफिए नावाच्या नामांकित आचाऱ्यावर लेख लिहायचाय. जेवण सुरू व्हायच्या बेतात आयुक्तांचा मुलगा पळवला जातो आणि लेख भरकटतो. मुलाला सोडवायला नेस्काफिए गुंडांसाठी रांधून नेतो. मुळ्यांवरच्या मिठात विष आहे. गुंडांना संशय येऊ नये म्हणून त्याला स्वतः खावं लागतं. तो खातो. मरत नाही, पण मरता मरता वाचतो. शुद्धीवर आल्यावर काय बोलतो, तर त्या विषाला चव होती, मी आजवर कधी न चाखलेली. या वयात नवी चव मिळाली याचं त्या माणसाला अप्रूप! मग दोघं परदेशात परका म्हणून जगण्याबद्दल अगदी थोडं बोलतात.

राइटने हा संवाद लेखातून काढून टाकलेला असतो. फार उदास वाटला म्हणून. हाविट्झर विचारतो की लेख आचाऱ्यावर आणि आचारी एकच ओळ बोलतो, असं कसं? राइट चुरगळलेला कागद देतो. संपादक वाचतो आणि म्हणतो की लेख लिहायचं कारणच हे आहे. राइट म्हणतो, मला अजिबात पटत नाही. संपादक म्हणतो, तरी घाल.

दोन मिनिटांचा प्रसंग. लेखकाला स्वतःच्या लेखातलं सोनं दिसत नाही, संपादकाला दिसतं. आणि तो लेखकाशी वादात न जिंकताच ते परत ठेवून घेतो.

मुद्रितशोधक
सोनचाफा, बरोबर बोट ठेवलंत. यात एक बारकाई आहे. राइट त्याला खोटं ठरवत नाही आणि तो राइटला पटवत बसत नाही. चांगल्या संपादकाशी असंच होतं. 'साभार परत'ची चिठ्ठी पाठवायला काही लागत नाही. पण 'सत्यकथे'चे राम पटवर्धन लेखकांना पानापानांची पत्रं लिहायचे, इथे कथा सैल पडलीय, हे पात्र आत्ताच का येतं वगैरे. कित्येक लेखक चिडायचे आणि मग तेच पुन्हा लिहून पाठवायचे.

अटलांटिकपार
'न्यू यॉर्कर'चाच दाखला देतो. ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक त्यांनी जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरच्या एका लेखाला दिला. ठरलं होतं क्रमशः छापायचं. सगळं एकाच अंकात जाऊ द्या असं तिथलेच संपादक विल्यम शॉन यांनी रॉसच्या गळी उतरवलं. व्यंगचित्रं नाहीत, सदरं नाहीत, बॉम्बमधून वाचलेली फक्त सहा माणसं. म्हणजे "लेख एकही मरणार नाही, कागद आणा" हे निव्वळ स्वप्नरंजन नाही. कोणीतरी केलेलं आहे.

आणि जोसेफ मिचेलची गोष्ट तर सिनेमापेक्षा अचाट आहे. १९६४ नंतर त्याने 'न्यू यॉर्कर'मध्ये नवं काही छापलं नाही, पण १९९६ मध्ये वारेपर्यंत तो कचेरीत येत राहिला. सिनेमातही एक लेखक दाखवलाय, वर्षानुवर्षं आहे आणि लेख एकही पूर्ण नाही.

खट्याळ पोपट
मला हा पेशा हवाय. अर्ज कुठे करायचा?

कोल्हापुरी रस्सा
पोपटा, तुझी पात्रता आधीच सिद्ध झालीय. तुझा प्रवासवर्णनाचा दुसरा भाग अजून "क्रमशः" आहे.

सुगरण नाही
सगळे एवढं बोलले पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. पोलिसांच्या खास जेवणात होतं तरी काय? गस्त घालता घालता, हाताने, न सांडता खाता यावं अशी ती पद्धत, हे सिनेमात ऐकून मला वडापावच आठवला.

खट्याळ पोपट
नाकाबंदीवरच्या हवालदारांकडून +१.

दादरकर
शेवटच्या श्रेयनामावलीबद्दल लिहायला आलो. सिनेमा ज्या लेखक-संपादकांना अर्पण केलाय त्या यादीत एक नाव वेद मेहता आहे. लाहोरमध्ये जन्म, चार वर्षांचे व्हायच्या आत मेंदूज्वराने दृष्टी गेली. आणि मग वडिलांनी इतक्या लहान मुलाला एकट्याला पाठवलं ते आमच्या दादरच्या अंधशाळेत! पुढे अमेरिका, ऑक्सफर्ड, आणि १९६१ पासून 'न्यू यॉर्कर'मध्ये शॉन यांच्या हाताखाली. दादरच्या त्या दिवसांवर त्यांनी एक पुस्तकच लिहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी हा सिनेमा कान महोत्सवात झळकला. एरवी यादीत सगळी परदेशी नावं वाचत होतो, तिथे एकदम दादर निघालं.

ऋतुगंधा
दादरकर, हे अजिबात ठाऊक नव्हतं. पुस्तक शोधते.

वाटसरू
याच अँडरसनने २००७ मध्ये राजस्थानात आगगाडीचा सिनेमा केला होता आणि त्यात सत्यजित राय यांचं संगीत वापरलं होतं. तो माणूस आवडलेल्या गोष्टी जमवत राहतो. 'न्यू यॉर्कर'च्या जुन्या अंकांचे बांधीव खंडही त्याच्याकडे आहेत म्हणे. इथे कोणी तरी "आरास" म्हणालं होतं. मला तो संग्राहक वाटतो.

तिरकस रेघ
वाटसरू, "कोणी तरी" म्हणजे मीच.

सगळ्यांचं वाचून शेवटचा भाग पुन्हा लावला. सोनचाफा यांचा कागदाचा प्रसंग पहिल्या वेळी मी सबटायटल वाचायच्या नादात चक्क ओलांडला होता. आणि हाविट्झर राइटला नोकरी कुठे देतो, तर तुरुंगात. कोणा पुरुषावर प्रेम केलं म्हणून राइट आत आहे, फोन करायला दुसरं नाव आठवलं नाही म्हणून याला केलाय. हा येतो आणि तिथेच त्याचे लेख चाळून एका पुस्तकाचं परीक्षण लिहायला सांगतो. धीराचा शब्द नाही, काही नाही. काम देतो.

तेव्हा पत्रकारिता नाही हे माझं म्हणणं मागे घेतो असं समजू नका. बातमीदारी नाहीच यात. संपादन आहे, आणि ते पडद्यावर दाखवता येतं असं मला वाटत नव्हतं. टेबलाशी बसून खोडाखोड करणाऱ्या माणसाचं दाखवणार काय? तर हे.

पण तुरुंगातल्या चित्रकाराच्या भागात संपादक जवळजवळ नाहीच आणि मला तो अजूनही लांबलेला वाटतो. निमा, माफ करा.

निमा
माफी नाही. पुन्हा बघा.

मुद्रितशोधक
तिरकस रेघ, लांबलेला वाटला तरी खालून कापू नका एवढंच.

चळवळ्या
सगळ्यांचं मनोमीलन झालेलं दिसतंय. छान. पण लाखो कामगारांच्या संपाचं काय झालं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.